घामाचा हिशेब

समुद्रपूर तालुक्यात पहाटे पाचच्या सुमारास रस्त्यावर यावे, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. जामकडच्या महामार्गाच्या कडेने, गिरडच्या वाटेला, शाळेच्या मैदानावर अंधारातच पोरे धावत असतात. हल्ली पोरीही असतात, आणि त्या पाहून आम्हाला विशेष समाधान वाटते. कुणाला पोलीस भरतीचे ग्राउंड मारायचे आहे, कुणाला सैन्यात जायचे आहे, कुणी वनरक्षकाचा फॉर्म भरला आहे. शेतमजुराच्या, गिरणीतल्या कामगाराच्या घरात सरकारी नोकरी आली की त्या घराची पुढची पिढी मार्गी लागते, हे आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

मुले धावतात याचा आनंद आहेच. पण किती धावावे, कधी थांबावे, कोणत्या दिवशी अजिबात धावू नये, हे त्यांना कोणी सांगत नाही. जो तो शेजारच्या गावातला भरती झालेला पोरगा काय करत होता ते ऐकतो आणि तेच करतो. त्यातून नडगीचे दुखणे, गुडघ्याची सूज, मांडीचा स्नायू फाटणे हे प्रकार होतात. कधी त्याहून भयंकरही घडते. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवार दगावले आणि मग धावण्याच्या वेळांचे व अंतराचे नियम बदलावे लागले. २०२४ च्या जूनमध्ये राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत ठाण्याकडे धावताना पुन्हा एका उमेदवाराचा जीव गेला. घरातून नोकरीसाठी निघालेले लेकरू परत आलेच नाही, ही त्या आईबापांची अवस्था शब्दांत सांगता येण्यासारखी नाही.

म्हणून या खेपेला आम्ही थोडे दूरचे, पण कामाचे उदाहरण घेणार आहोत. ते आहे फुटबॉलचे.

फुटबॉल आपल्याकडे परका नाही. नागपूर-कामठीला या खेळाची जुनी परंपरा आहे. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन सुरू केलेले काम २०२२ च्या 'झुंड' या चित्रपटामुळे घरोघरी पोचले. तिकडे कोल्हापुरात तर पेठापेठांतून या खेळाचे वेड आहे. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाला आणि २०१७ साली आपल्याच देशात भरलेल्या १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. त्या स्पर्धेत भारताचे तीन सामने झाले, ६, ९ आणि १२ ऑक्टोबरला. सात दिवसांत तीन सामने! जगभर तज्ज्ञ म्हणतात की एवढ्या दाटीने सामने खेळणे हा शरीरावर मोठा ताण आहे. आता आपल्याकडच्या एकदिवसीय स्पर्धा आठवा. सकाळी नऊला पहिला सामना, दुपारी उपांत्य, दिवेलागणीला अंतिम, आणि तेही एप्रिलच्या उन्हात. चषक घेऊन मिरवणूक निघते तेव्हा पोरे लंगडत असतात आणि आपण त्याला खेळाडूपणा म्हणतो.

पैसे घेऊन खेळणाऱ्या मोठ्या क्लबांत असे चालत नाही. खेळाडू एका सामन्यात साधारण १० ते १२ किलोमीटर धावतो, म्हणजे समुद्रपूरहून जामला जाण्याइतके अंतर दीड तासात, तेही थांबत, वळत, उड्या मारत, मधून मधून जीव तोडून पळत. क्लबाचा सारा पैसा त्या पायांत गुंतलेला असतो. म्हणून खेळाडू सराव करतो तेव्हा त्याच्या अंगात एक घट्ट बंडी असते, तिच्यात पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये काडेपेटीएवढे यंत्र बसवलेले असते. तो किती धावला, त्यातले किती वेगाने धावला, किती वेळा एकदम थांबला, हे सारे ते यंत्र उपग्रहाच्या साहाय्याने नोंदते. सामन्यातसुद्धा अशी यंत्रे घालायला २०१५ पासून परवानगी मिळाली. शिवाय रोज सकाळी खेळाडूला विचारतात : झोप कशी झाली, अंग कितपत दुखते, मन कसे आहे? या सगळ्याला ते ट्रेनिंग लोड म्हणजे सरावाचा भार मोजणे म्हणतात.

इतके करूनही खेळाडू जायबंदी होतातच, हे सांगितले पाहिजे, नाहीतर यंत्र आणले की झाले असा समज होईल. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या दुखापतींची नोंद स्वीडनचे डॉ. यान एकस्ट्रँड आणि त्यांचे सहकारी २००१ पासून ठेवीत आले आहेत. मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत सुरुवातीला एकूण दुखापतींच्या १२ टक्के होती, ती २०२१-२२ पर्यंत २४ टक्क्यांवर गेली. मोजणारे वाढले, तसे सामनेही वाढले आणि खेळाचा वेगही वाढला. मोजणी केली, पण काम कमी केले नाही, तर ती मोजणी काय कामाची?

यावर खेळाडूच बोलू लागले आहेत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मँचेस्टर सिटीचा रॉड्री हा खेळाडू म्हणाला की सामने असेच वाढत गेले तर आम्ही संपाच्या जवळ आलो आहोत. त्यानंतर आठवड्याच्या आत सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ती दुखापत जादा सामन्यांमुळेच झाली असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही, पण त्याचे म्हणणे जगाने ऐकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खेळाडूंच्या संघटनेने युरोपच्या आयोगाकडे रीतसर तक्रार केली. करोडो रुपये कमावणारे हे लोक, त्यांची कसली कीव, असे कुणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. कामाचे तास किती असावेत हा प्रश्न पगार किती आहे यावर ठरत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना १९४६ साली कारखाना कायद्याची दुरुस्ती झाली आणि आठवड्याचे ५४ तास ४८ वर आले. त्यामागेही माणसाचे शरीर किती सोसू शकते, हाच विचार होता.

आता आमच्या पोरांकडे येऊ. त्यांना यंत्राची बंडी कोण देणार? पण सुदैवाने त्याची गरजही नाही. अमेरिकेतले कार्ल फॉस्टर यांनी २००१ च्या सुमारास एक पद्धत मांडली, तिला फक्त घड्याळ, वही आणि पेन्सिल लागते. त्यांनी स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाच्या मोजपट्टीचा आधार घेतला. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचे, आजचा सराव किती जड गेला? उत्तर शून्य ते दहामध्ये द्यायचे. शून्य म्हणजे नुसते बसून राहणे, तीन म्हणजे बोलत बोलत करता येईल असे काम, पाच म्हणजे जड, सात म्हणजे फार जड, दहा म्हणजे याच्यापुढे एक पाऊलही शक्य नाही. त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचे. ४० मिनिटे धावला आणि पाच वाटले, तर भार २००. मोठमोठे क्लब लाखोंची यंत्रे वापरूनही ही साधी पद्धत सोडत नाहीत, कारण यंत्र पाय किती धावले ते सांगते आणि हा आकडा त्या माणसाला काय झाले ते सांगतो.

अर्ध्या तासाने का विचारायचे? धावून थांबल्याबरोबर विचारले तर शेवटचीच दोन मिनिटे डोक्यात असतात, सगळा सराव आठवत नाही.

पण या पद्धतीत एक गोष्ट धरलेली असते. खेळाडूचे काम खेळणे एवढेच, उरलेला दिवस तो विश्रांती घेतो. आमचे पोरगे धावून आले की वावरात जाते. दिवाळीच्या आधी सोयाबीनची सोंगणी, नंतर कापसाची वेचणी, कुणाची हिंगणघाट-जामकडच्या गिरणीत पाळी. पोरगी धावून येते ती पाणी भरायला, स्वयंपाकाला लागते, मग निंदणाला जाते. हे वहीत कोण लिहिणार? आम्ही म्हणतो, तेच आधी लिहा. सोंगणीचे सहा तास म्हणजे ३६० मिनिटे, आणि ते काम पाच इतके जड धरले, तर भार १८००. व्यावसायिक खेळाडूने ९० मिनिटांचा सामना खेळून आठ हा आकडा सांगितला, तर त्याचा भार होतो ७२०. ही तुलना शास्त्रशुद्ध नाही हे मान्य. ही पद्धत शेतकामासाठी केलेली नाही आणि एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहायचाही नसतो, आपला आकडा आपल्याच मागच्या आठवड्याशी ताडायचा असतो. तरी या हिशेबावरून एवढे कळते की सोंगणीच्या हंगामात पहाटे धावून संध्याकाळी पुन्हा धावायला जाणारे पोरगे आळशी तर नाहीच, उलट ते आपल्या ताकदीची उधारी करत असते.

वहीत सात दिवसांची बेरीज करावी. या आठवड्याची बेरीज मागच्या तीन-चार आठवड्यांच्या सरासरीच्या बरीच वर गेली की धोका वाढतो, असे टिम गॅबेट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने मांडले होते. तो भागाकार दीडच्या वर जाऊ देऊ नये असे म्हणत. पुढे २०२० च्या सुमारास इतर संशोधकांनी या गणितावर बरेच आक्षेप घेतले, तेव्हा त्या दीडला कायदा समजू नये. पण एकदम उडी नको हे म्हणणे सगळ्यांनाच मान्य आहे. भरतीची जाहिरात निघाली, आणि सहा महिने न धावलेला पोरगा पहिल्याच आठवड्यात रोज आठ किलोमीटर धावू लागला, की तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून बसतो. हाडाला नवा भार पेलायला आठवडे लागतात. फुप्फुस आधी तयार होते, हाड मागाहून. म्हणूनच दम पुरतो म्हणून पोरगे धावते आणि हाडाला बारीक तडा जातो. डांबरी रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे, आणि महामार्गावर अंधारात धावणे तर ट्रकांमुळेही वाईटच.

फॉस्टर यांनी आणखी एक बाब दाखवली. रोज सारखाच जड सराव केला तर शरीर लवकर थकते. एक दिवस जड, एक दिवस हलका, आठवड्यात एक दिवस सुट्टी, असे केले तर तीच बेरीज सोसते. आमच्याकडे 'खंड पडू देऊ नको' असे सांगण्याची रीत आहे. अभ्यासाला ते ठीक आहे, पण धावण्याला लागू करू नये.

आता आम्ही ज्यासाठी खरे म्हणजे लेखणी उचलली त्या विषयाकडे येतो. तो आहे सिकलसेल.

विदर्भात हा आजार आहे, आमच्या समाजात आहे, आदिवासी बांधवांत आहे, इतरही समाजांत आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी इंग्लंडच्या वैद्यकीय पत्रिकेत लिहिले होते. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा गुण रक्तात टिकला, कारण वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. यात लाज वाटण्यासारखे काय आहे? पण सोयरीक मोडेल म्हणून घरे तपासणी करत नाहीत, केली तर कागद लपवतात. ज्याच्याकडे आईकडून आणि बापाकडून असे दोन्ही दोष आले तो पीडित. ज्याच्याकडे एकच आला तो वाहक; त्याला रोजच्या जगण्यात बहुधा काहीच त्रास नसतो. धावण्याच्या बाबतीत मात्र वाहकालाही आपण वाहक आहोत हे माहीत असणे जरुरीचे आहे.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात डेल लॉइड नावाचा १९ वर्षांचा विद्यार्थी खेळाडू होता. त्यांचा फुटबॉल वेगळा, हाताने खेळायचा, पण सरावाची तऱ्हा सारखीच. २००६ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्याकडून १०० यार्डांच्या १६ धावा लागोपाठ करून घेतल्या. तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी वारला. तो सिकलसेलचा वाहक होता आणि ते कुणालाच ठाऊक नव्हते. त्याच्या आईवडिलांनी न्यायालयाची वाट धरली, आणि २०१० पासून तिथल्या महाविद्यालयांच्या वरच्या गटातील खेळाडूंची ही तपासणी करण्याचा नियम झाला. त्यानंतरच्या दशकात असे मृत्यू फार कमी झाले.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमधले उदाहरण फ्रान्सच्या लासाना दियाराचे. २०१० च्या विश्वचषकाआधी फ्रान्सचा संघ तीन्य या २००० मीटरहून उंच डोंगरी गावी सरावाला गेला होता. उंचावर हवा विरळ, प्राणवायू कमी. दियाराला पोटात दुखू लागले, त्रासाचा संबंध सिकलसेलशी असल्याचे पुढे आले, आणि त्याला विश्वचषक सोडावा लागला. पण खेळ सोडावा लागला नाही. तो पुढे कित्येक वर्षे मोठ्या क्लबांकडून खेळला आणि २०१५ मध्ये देशाच्या संघातही परतला. हे आईबापांनी लक्षात ठेवावे, कारण तपासणीत वाहक निघाले की पोराचे धावणेच बंद करणारी घरेही आहेत.

अमेरिकन सैन्यातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय जवानांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांचे मृत्यू इतरांपेक्षा अधिक आढळले नाहीत. मात्र अतिश्रमाने स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येण्याचा प्रकार वाहकांत दीडपटीने अधिक आढळला. मृत्यू का वाढले नाहीत? कारण त्या सैन्यात ऊन पाहून काम ठरवणे, ठरावीक वेळाने पाणी, ठरावीक विश्रांती हे सगळ्यांसाठी सक्तीचे होते. वाहकाला वेगळे काढण्याची गरज पडली नाही, सर्वांसाठी नियम शहाणपणाचे केले आणि त्यात वाहकही वाचला. आमच्या मते मैदानावर शिकवणाऱ्यांनी घ्यावे असे यातले हेच आहे.

याची खूण ओळखता आली पाहिजे. साधा पेटका आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि पोरगे ओरडते. सिकलसेलच्या त्रासात पाय लुळे पडल्यासारखे होतात, मांड्या व कंबर दुखते, दम लागतो, पण स्नायू हाताला मऊ लागतो, आणि पोरगे ओरडत नाही, हळूहळू खाली बसते. हे बहुतेक सरावाच्या पहिल्या काही मिनिटांतच, जोरात धावल्यावर घडते. अशा वेळी 'उठ, नाटक करू नको' म्हणणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. धावणे तिथेच थांबवावे, सावलीत घ्यावे, अंग गार करावे, पाणी द्यावे आणि वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. तिथे पहिल्यांदा सांगावे की पोरगे वाहक आहे. नंतर लघवी गडद तपकिरी झाली तर ते फार गंभीर समजावे.

रक्ताची प्राथमिक तपासणी सरकारी दवाखान्यात होते, तीत दोष दिसला की पक्की तपासणी करतात. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही सुरू केली आहे. भरतीचा फॉर्म भरताना जातीचा दाखला, रहिवासी दाखला यांसाठी आपण तहसीलच्या चार चकरा मारतो. त्यातलीच एक चक्कर ग्रामीण रुग्णालयाकडे वळवावी. पीडित असलेल्या मुलाने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय भरतीच्या सरावाला लागू नये. मुलींचे रक्ताचे प्रमाणही त्याच वेळी पाहून घ्यावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असेल तर ८०० मीटरची वेळ सरावाने सुधारत नाही, ती बिचारी नुसतीच थकत जाते आणि घरचे म्हणतात, हिच्यात जिद्द नाही.

वाहक पोरांनी काय करावे? जोराच्या धावा दोन-दोन, तीन-तीन कराव्यात आणि मध्ये दम पूर्ण खाली येऊ द्यावा. आधी, मध्ये आणि नंतर पाणी प्यावे. तापातून उठल्यावर, जुलाब झाल्यावर धावू नये. पहिल्याच दिवशी घड्याळ लावून १६०० मीटर मारू नये. एप्रिल-मे मध्ये आपल्या जिल्ह्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा सूर्य वर यायच्या आत सराव संपवावा.

शेवटचे ग्राउंडच्या दिवसांविषयी. तारीख आली की पोरे घाबरून शेवटच्या पंधरा दिवसांत दुप्पट धावतात. मोठे खेळाडू नेमके उलटे करतात. वेग तोच ठेवतात आणि अंतर हळूहळू निम्म्यापर्यंत आणतात. शेवटचे दोन दिवस अंग मोकळे करण्यापुरतेच. शरीर त्या दिवसांत मागचे सगळे भरून काढते.

पण आमची पोरे आदल्या रात्री एसटीने निघतात, स्थानकावर किंवा मैदानाबाहेरच्या फुटपाथवर पेपर अंथरून झोपतात, पहाटे उपाशीपोटी रांगेत लागतात आणि नंबर येतो तो ऊन चढल्यावर. वहीच्या त्या पानावर झोपेपुढे शून्य आणि जेवणापुढे शून्य लिहावे लागते. ज्या गावी भरती आहे तिथे कुणा ना कुणाचा मामा, आत्या, मावसा राहतो. लग्नाला, मुंजीला नाही तरी बारशाला आपण त्यांच्याकडे मुक्काम करतोच. त्यांना आठ दिवस आधी निरोप धाडावा, पोराला दोन दिवस आधी पाठवावे, आणि सोबत गूळ-शेंगदाण्याचे लाडू, पाण्याची मोठी बाटली व तपासणीचा कागद द्यावा. कागद खिशातच ठेवायचा, पिशवीत नाही, कारण पिशव्या फाटकाबाहेर ठेवून घेतात.